तोटा झाल्यानंतरचा सौदा

पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरे मनातल्या मनात देऊन पाहा.

पहिला प्रश्न. एकीकडे खात्रीचे ३,००० रुपये आहेत. दुसरीकडे ४,००० मिळण्याची शक्यता शंभरात ८० आणि हाती काहीच न लागण्याची शंभरात २०. यातले काय घ्याल?

दुसरा प्रश्न. आता पैसे जाणार आहेत. एकीकडे ३,००० रुपये नक्की जातील. दुसरीकडे ४,००० जाण्याची शक्यता शंभरात ८०, आणि एक पैसाही न जाण्याची शंभरात २०. यातले काय पत्कराल?

डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी असेच प्रश्न इस्रायली चलनात विचारले होते. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात उत्तरे नोंदवली आहेत. पहिल्या प्रश्नात शंभरातल्या ८० जणांनी खात्रीचे ३,००० घेतले. दुसऱ्यात मात्र शंभरातल्या ९२ जणांनी जुगार पत्करला. त्या जुगाराची सरासरी काढली तर तोटा ३,२०० येतो. कमी तोट्याचा रस्ता समोर असूनही, 'कदाचित काहीच जाणार नाही' एवढ्या आशेवर लोकांनी जास्त तोट्याचा रस्ता धरला. मिळकतीच्या वेळी जपून पाऊल टाकणारी माणसेच तोट्याच्या वेळी धाडसी झाली.

क्रिप्टोच्या ट्रेडिंगमध्ये हात पोळलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. दहा हजार गेले, म्हणून वीस लावले. वीस गेले, म्हणून दागिने तारण ठेवून पन्नास लावले. पहिल्या तोट्याने सहसा कोणी बुडत नाही; तो एका रात्रीत भरून काढण्याच्या घाईने बुडतो. म्हणून तोट्यानंतरची शिस्त शिकायची असेल, तर त्या दुसऱ्या सौद्याच्या वेळी मनात काय चालते, हे आधी पाहावे लागते.

आधी तोट्याची जात ओळखा

'क्रिप्टोत पैसे गेले' या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली, बाजार पडणे. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या आसपास पोहोचला होता. पुढच्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तो १६,००० डॉलरच्या खाली गेला. त्या शिखरावर खरेदी केलेल्या प्रत्येकाला कागदावर तीन चतुर्थांशाहून मोठा तोटा दिसत होता, मग तो कितीही शिस्तीचा असो.

दुसरी, ज्यांच्याकडे पैसे ठेवले तिथेच घात होणे. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे जगातले मोठे एक्स्चेंज दिवाळखोरीत गेले. भारतात १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्सवर सायबर हल्ला झाला, सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीला गेली आणि ग्राहकांना आपले पैसे काढता येईनात. अशा तोट्यासाठी स्वतःच्या स्वभावाला बोल लावण्यात अर्थ नाही. सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवायची नाही, एवढाच धडा त्यातून घ्यायचा.

तिसरी, आपणच घाईने, रागाने किंवा आशेने केलेले सौदे. भावनिक शिस्तीचा खरा संबंध या तिसऱ्या प्रकाराशी आहे.

झालेल्या नुकसानीचा हिशेब या तीन खान्यांत वाटला की दोन फायदे होतात. जे आपल्या हातात नव्हते त्याचे ओझे उतरते, आणि जे हातात होते ते नेमके समोर येते. हे स्टेटमेंट पाहूनच करावे, आठवणीवर विसंबू नये. सौद्यांची तारीख आणि वेळ एक्स्चेंजच्या नोंदीत असते. ती उघडल्यावर पुष्कळदा दिसते, की निम्म्याहून अधिक नुकसान दोन-तीन रात्रींतच झालेले आहे.

मनाच्या वहीत तोटा दुप्पट लिहिला जातो

काहनेमन आणि ट्वर्स्की यांच्या कामातला गाभ्याचा मुद्दा असा, की हजार रुपये मिळाल्याचा आनंद आणि हजार रुपये गेल्याचे दुःख यांचे वजन सारखे नसते. गेल्याचे दुःख साधारण दुप्पट जड असते. १९९२ च्या त्यांच्या निबंधात हे प्रमाण सव्वादोन पटीच्या आसपास आले. ट्वर्स्की १९९६ मध्ये गेले. या कामासाठी काहनेमन यांना २००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

या दुपटीचा पहिला परिणाम म्हणजे तोटा 'बुक' करणे नको वाटते. कॉइन विकला नाही तोवर तोटा खरा झालेला नाही, असे मन समजूत घालते. उलट थोडासा नफा दिसला की तो हातचा जाईल या भीतीने पटकन विकला जातो. हर्श शेफ्रिन आणि मीर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये गुंतवणूकदारांच्या या सवयीला नाव दिले, आणि १९९८ मध्ये टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरच्या १०,००० खात्यांत ती मोजून दाखवली. लोक नफ्यातले शेअर लवकर विकत होते आणि तोट्यातले धरून बसत होते. विकलेले शेअर पुढच्या वर्षभरात धरून ठेवलेल्यांपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी अधिक वाढले. म्हणजे माणसे वाढणारे विकून मागे पडणारे सांभाळत होती.

यामागे खरेदीची किंमत नावाचा खुंटा असतो. आपण ज्या भावाला घेतले तो भाव आपल्या मनात घट्ट बसतो आणि 'तेवढा आला की बाहेर पडू' असे ठरते. पण आपण कोणत्या भावाला घेतले, हे बाजाराला ठाऊक नसते आणि त्याला त्याचे देणेघेणेही नसते. बिटकॉइन मार्च २०२४ मध्ये पुन्हा ६९,००० डॉलरच्या वर गेला, हे खरे. पण लुना या कॉइनचे काय झाले पाहा. एप्रिल २०२२ मध्ये तो ११० डॉलरच्याही वर होता. मे महिन्यात त्याची आणि त्याच्या जोडीच्या टेरायूएसडी या कॉइनची घडी कोसळली, आणि काही दिवसांत त्याची किंमत एका सेंटपेक्षाही खाली गेली. तिथे जे 'परत वर येईल' म्हणून वाट पाहत राहिले, त्यांचे सर्वस्व गेले. 'धरून ठेवले की परत येते' हा नियम एका कॉइनच्या इतिहासातून सगळ्यांना लावता येत नाही.

स्वतःला विचारायचा प्रश्न सोपा आहे: आज हातात एवढीच रोख रक्कम असती, तर हाच कॉइन आजच्या भावाने घेतला असता का? उत्तर 'नाही' असेल, तर तो कॉइन अजून खात्यात असण्याचे कारण बहुधा खरेदीचा भाव एवढेच असते.

'एकदा मुद्दल निघू दे'

तोट्यानंतर माणूस घाबरतो की धाडसी होतो? रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी १९९० मध्ये याचा बारकाईने अभ्यास केला. तोट्यानंतर लोक साधारणपणे बिचकतात, असे त्यांना आढळले. मात्र समोरचा डाव गेलेले सगळे एका फटक्यात परत देऊ शकणारा असेल, तर तीच माणसे मोठी जोखीम घ्यायला तयार होतात. मुद्दल वसूल होण्याची शक्यता दिसली की भीती मागे पडते.

क्रिप्टोच्या बाजारात ही शक्यता सदैव एका बटणावर ठेवलेली असते. तिचे नाव लिव्हरेज, म्हणजे आपल्या रकमेच्या कित्येक पट मोठा सौदा करण्याची सोय. एक काल्पनिक हिशेब पाहू.

एका तरुणाने १ लाख रुपयांनी सुरुवात केली आणि २०,००० घालवले. उरले ८०,०००. पुन्हा १ लाखावर यायला त्याला २० टक्के नाही, २५ टक्के वाढ हवी, कारण आता पाया लहान झाला आहे. साध्या खरेदीत २५ टक्क्यांसाठी महिने लागू शकतात. पण २५ पट लिव्हरेज घेतले तर भाव अवघा १ टक्का वर जायला हवा. एक टक्का! तेवढा तर चहा पिऊन होईपर्यंतही हलतो. मन इथे अडकते.

आता दुसरी बाजू. २५ पट लिव्हरेजवर भाव ४ टक्के उलटा गेला की ८०,००० चे शून्य होते. प्रत्यक्षात त्याच्या थोडे आधीच एक्स्चेंज आपणहून सौदा बंद करते. ट्रेडर याला 'लिक्विडेट झालो' म्हणतात. बिटकॉइनचा भाव दिवसात ४ टक्के हलणे काही दुर्मीळ नाही, आणि छोट्या कॉइनांचा तर तासाभरात हलतो. सौदा बंद झाल्यावर भाव पुन्हा वर आला, तरी आपले पैसे परत येत नाहीत. आपला अंदाज बरोबर असूनही आपण संपलेलो असतो. १० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेने चीनवर नवे आयातशुल्क जाहीर केल्यानंतर बाजार कोसळला, तेव्हा चोवीस तासांत जगभरातले १९ अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे लिव्हरेजचे सौदे असे जबरदस्तीने बंद झाले.

तोटा जितका खोल, तितकी चढण अधिक उभी होते. ५० टक्के गेले तर परत यायला १०० टक्के वाढ लागते. ९० टक्के गेले तर ९०० टक्के. म्हणूनच खोल तोट्यातल्या माणसाला साधे मार्ग निरुपयोगी वाटू लागतात आणि नेमके सर्वांत धोक्याचे हत्यार त्याच्या हाताला लागते.

कधीच बंद न होणारा बाजार

मुंबईचा शेअर बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि दुपारी साडेतीनला मिटतो. २३ मार्च २०२० रोजी निर्देशांक १० टक्क्यांनी कोसळले तेव्हा 'लोअर सर्किट' लागून व्यवहार ४५ मिनिटे थांबवले गेले. थांबण्याची ही सक्ती ट्रेडरच्याही कामी येते. संध्याकाळ होते, जेवण होते, झोप होते, आणि सकाळी कालचा राग थोडा निवलेला असतो.

क्रिप्टोचा बाजार आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास चालू असतो. त्याला सुट्टी नाही आणि साऱ्या बाजारासाठीचे सर्किटही नाही. तोटा झाल्याची कळ ताजी असतानाच, रात्री दोन वाजता, पुढचा सौदा दोन बोटांच्या अंतरावर असतो. त्यात झोप अपुरी असेल तर आणखी भर पडते. ड्यूक विद्यापीठ आणि सिंगापूरमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले, की रात्रभर जागलेली माणसे पैशांचे निर्णय घेताना संभाव्य नफ्याकडे अधिक ओढली जातात आणि तोटा टाळण्याकडे त्यांचे लक्ष कमी होते. नेमक्या धोक्याच्या वेळी सावधपणा पातळ होतो.

मोबाइल हातातून सुटत नाही, त्यालाही कारण आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांतून १९९० च्या दशकात हे पुढे आले, की मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी अपेक्षित बक्षिसापेक्षा अनपेक्षित बक्षिसाला जोरात प्रतिसाद देतात. नेमाने मिळणाऱ्या गोष्टीची नवलाई जाते. कधी मिळेल, कधी नाही, अशा गोष्टीची जात नाही. भावाचा हिरवा-लाल आकडा हे असे कधीच न संपणारे अनपेक्षित आहे.

ही ओढ मोबाइलबरोबर जन्मलेली नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात एक जुगारी आपली व्यथा सांगतो. घर, बायको, आईची अवस्था त्याला दिसते. आता खेळायचे नाही असा निश्चयही तो करतो. तरी फाशांचा आवाज आला की त्याचे पाय तिकडेच वळतात. निश्चय खरा असतो, पण आवाजापुढे तो टिकत नाही, हे निरीक्षण तीन हजार वर्षांपूर्वीचे आहे. त्यावरून एक कामाची गोष्ट घेता येते: आपल्याला ऐकू येणारे आवाज आधी कमी करावेत. ॲपची नोटिफिकेशन बंद करणे, 'कॉल' देणारे टेलिग्राम ग्रुप सोडणे, रात्री ॲपमधून लॉग-आउट होणे ही कामे किरकोळ दिसतात. पण निश्चयाचा निम्मा भार तीच उचलतात.

भरपाईचा आयकरी हिशेब

'गेलेले भरून काढतो' म्हणणाऱ्या भारतीय ट्रेडरने आणखी एक आकडेमोड करायलाच हवी. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्यावर ४ टक्के उपकर. खरेदीची किंमत सोडून कोणताही खर्च वजा करता येत नाही. मुख्य म्हणजे, एका कॉइनमधला तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही ओढता येत नाही.

समजा, एका कॉइनमध्ये १ लाख गेले आणि त्याच वर्षी दुसऱ्यात १ लाख मिळाले. मन म्हणते, बरोबरी झाली. करखाते म्हणते, १ लाखाच्या नफ्यावर ३१,२०० रुपये भरा. गेलेले १ लाख खरोखर घरात परत आणायचे, तर नफा सुमारे १ लाख ४५ हजारांचा व्हायला हवा.

शिवाय जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो. तीच रक्कम वर्षात ५० वेळा फिरवली आणि नफा-तोटा शून्य राहिला, तरी ३९ टक्क्यांहून अधिक पैसे टीडीएसमध्ये अडकतात. विवरणपत्र भरल्यावर परतावा मागता येतो, पण तोवर ते हाताशी नसतात.

सततच्या उलाढालीची किंमत शेअर बाजारातही मोजलेली आहे. ब्रॅड बार्बर आणि ओडीन यांनी १९९१ ते १९९६ या काळातली अमेरिकेतली ६६,००० हून अधिक कुटुंबांची खाती तपासली. बाजाराने वर्षाला सरासरी १७.९ टक्के दिले; सर्वांत जास्त खरेदी-विक्री करणाऱ्यांच्या हाती ११.४ टक्के पडले. आपल्याकडे सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सचा तीन वर्षांचा अभ्यास जाहीर केला. त्यात १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते, आणि लागोपाठ तोटा होऊनही त्यांच्यातल्या तीन चतुर्थांशांहून अधिकांनी खेळ चालूच ठेवला. क्रिप्टो सेबीच्या कक्षेत येत नाही, पण माणसे तीच आहेत. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या अभ्यासकांनी ९५ देशांतल्या क्रिप्टो ॲपची २०१५ ते २०२२ ची माहिती तपासली, तेव्हा बिटकॉइनमध्ये सुमारे तीन चतुर्थांश ग्राहकांचे पैसे गेले असावेत, असा त्यांचा अंदाज निघाला.

शिस्त कुठे बसवायची

इथवर पाहिलेल्या सगळ्या गोष्टींतून एकच निष्कर्ष निघतो: तोट्याच्या क्षणी मनाला योग्य निर्णय घ्यायला सांगणे उपयोगाचे नाही. त्या क्षणी ते मन पक्षपाती असते. निर्णय आधीच, शांत वेळी घेऊन ठेवावा लागतो आणि तो आपोआप अमलात येईल अशी सोय करावी लागते.

घरातल्या विजेच्या एमसीबीचे काम पाहिले की हे नीट कळते. विजेचा प्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की खटका आपोआप पडतो. तो आपल्याला विचारत बसत नाही, कारण विचारण्याएवढा वेळच नसतो. किती अँपिअरला पडायचे, हे वायरिंग करताना ठरलेले असते. खटका पडल्यावर लगेच वर करू नये, आधी दोष कुठल्या उपकरणात आहे ते शोधावे, हे कोणताही वायरमन सांगतो. पुन्हा पुन्हा वर केला तर वायर जळते. ट्रेडिंगच्या शिस्तीला हे तिन्ही भाग लागतात: आधी ठरवलेली मर्यादा, आपोआप पडणारा खटका, आणि तो पडल्यानंतर दोष शोधण्यासाठी थांबणे.

पहिला भाग रकमेचा. एका सौद्यात एकूण भांडवलाचा किती हिस्सा गेला तर चालेल, हे ठरवायचे. १ लाखावर प्रत्येक सौद्यात २ टक्क्यांपर्यंतच तोटा होऊ दिला, तर लागोपाठ दहा सौदे चुकूनही सुमारे ८१,७०० रुपये उरतात. प्रत्येक वेळी २० टक्के जाऊ दिले, तर दहाव्या चुकीनंतर १०,७०० उरतात. लागोपाठ चुका सगळ्यांच्याच होतात. पहिला माणूस त्यांतून शिकून उठतो. दुसऱ्याकडे शिकलेले वापरायला भांडवलच उरत नाही. लहान रकमेचा मनावरही थेट परिणाम होतो: सौद्यामुळे झोप उडत असेल, तर तो सौदा आपल्या ऐपतीपेक्षा मोठा आहे.

दुसरा भाग खटक्याचा. स्टॉप लॉस म्हणजे भाव ठरावीक पातळीच्या खाली गेला की आपोआप विक्री व्हावी अशी आधीच दिलेली सूचना. ती सौदा घेतानाच द्यायची, आणि भाव जवळ आला म्हणून खाली सरकवायची नाही. बाजार एकदम कोसळला तर विक्री ठरवलेल्या भावापेक्षा खालीही होते, म्हणून रकमेची मर्यादा सोडून नुसत्या स्टॉप लॉसवर विसंबता येत नाही. दिवसाच्या तोट्याचीही एक मर्यादा हवी; ती ओलांडली की त्या दिवशीचे दुकान बंद.

तिसरा भाग थांबण्याचा. इथे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांची 'जर-तर' योजना उपयोगी पडते. 'मी संयम ठेवीन' हा संकल्प मोघम असतो. 'जर दिवसात दोन तोटे झाले, तर मी ॲप बंद करून ४८ तास उघडणार नाही' या वाक्यात वेळ, खूण आणि कृती तिन्ही ठरलेल्या असतात. गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. नेमकी 'जर-तर' योजना केलेले लोक नुसता संकल्प करणाऱ्यांपेक्षा उद्दिष्ट गाठण्यात स्पष्टपणे पुढे होते. कारण ऐन वेळी विचार करावा लागत नाही, खूण दिसली की कृती आठवते.

वहीचे एक पान

भावनिक शिस्त शिकण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे वही. तिच्यात भाव आणि नफा-तोटा यांच्या शेजारी आणखी दोन रकाने लागतात: 'का घेतला' आणि 'त्या वेळी कसे वाटत होते'. नमुन्यादाखल एक नोंद पाहा.

*मंगळवार, रात्री ११.४०. इथेरियम घेतला. कारण: दुपारी सोलानात ६,२०० गेले. कसे वाटत होते: जबडा आवळलेला, जेवण अर्धे टाकून उठलो, 'आजच वसूल करतो'. नियम: रात्री ९ नंतर नवा सौदा नाही. मोडला. निकाल: १,१०० नफा.*

'कारण' या रकान्यात इथेरियमबद्दल एक शब्दही नाही. सौदा इथेरियमचा, पण कारण सोलानाचे. अशा दहा-बारा नोंदी झाल्या की आपला राग कोणत्या वेळी, कोणत्या प्रकारच्या तोट्यानंतर उसळतो, याचा नमुना दिसू लागतो आणि 'जर-तर' वाक्ये कुठे बसवायची ते कळते.

भावना शब्दांत मांडण्याचा आणखी एक गुण आहे. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवले, की समोरच्या भावनेला नाव दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डाला या, भीती आणि धोक्याची दखल घेणाऱ्या भागाची सक्रियता कमी होते. 'मला राग आला आहे' असे लिहिणे ही रागाची पहिली मात्रा उतरवणे असते.

घरात सांगणे हाही शिस्तीचा भाग

तोटा लपवला की तो भरून काढण्याचे दडपण वाढते, कारण उघड होण्याआधी आकडा पूर्ववत करायचा असतो. मग मित्रांकडून उसनवारी होते, ॲपवरून झटपट कर्ज निघते, क्रेडिट कार्डाचे हप्ते सुरू होतात. कर्जाच्या पैशाला परतफेडीची तारीख असते आणि बाजाराला नसते. त्या दोघांच्या कात्रीत शांतपणे विचार करणे कोणालाही जमत नाही. घरच्या एका विश्वासू माणसाला खरा आकडा सांगितला की हे दडपण निम्मे होते. ऐकणाऱ्यानेही त्या वेळी 'सांगितले होते ना' हे शब्द गिळावेत. समोरचा माणूस पुन्हा लपवू लागला, तर पुढचा तोटा साऱ्या घराचा होईल.

झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. पैशाच्या तोट्याहून जीव मोठा आहे, हे अशा वेळी मोठ्याने सांगणारे कोणीतरी लागते. 'बुडालेले क्रिप्टो परत मिळवून देतो, आधी शुल्क भरा' असे सांगत कोणी संपर्क केला, तर तो जवळजवळ नेहमी दुसरा फसवणूक करणाराच असतो. तोटा झालेली माणसे अशांना हेरता येतात. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर जितकी लवकर होईल, तितकी पैसे रोखले जाण्याची शक्यता अधिक.

थोडक्यात

• तोटा तीन खान्यांत वाटा: बाजार पडला, एक्स्चेंज बुडाले किंवा लुटले गेले, आपण घाई केली.
• खरेदीचा भाव विसरा. 'आज घेतला असता का?' एवढेच विचारा.
• तोट्यानंतर लिव्हरेज वाढवू नका.
• एका सौद्याची आणि एका दिवसाची तोट्याची मर्यादा शांत वेळी लिहून ठेवा.
• स्टॉप लॉस सौद्याबरोबरच लावा. खाली सरकवू नका.
• 'जर दोन तोटे, तर ४८ तास बंद' अशी नेमकी वाक्ये करा.
• नोटिफिकेशन, टिपांचे ग्रुप आणि रात्रीचे सौदे बंद.
• भरपाईचा हिशेब कर धरून करा.
• कर्जाच्या पैशाने ट्रेडिंग नाही. घरात एका माणसाला खरा आकडा माहीत हवा.

प्रगती कशाने मोजायची

वहीतल्या त्या मंगळवारच्या नोंदीत १,१०० रुपये नफा झाला होता. बहुतेक जण तो चांगला सौदा मानतील. शिस्तीच्या हिशेबात तो वाईट सौदा आहे, कारण मोडलेल्या नियमाला बक्षीस मिळाले, आणि पुढच्या वेळी नियम मोडणे आणखी सोपे झाले. उलट ठरलेल्या रकमेत घेतलेला, स्टॉप लॉसवर निमूट बंद झालेला आणि ९०० रुपये घालवलेला सौदा चांगला. एकेका सौद्याचा निकाल बऱ्याच अंशी नशिबावर असतो. तो घेताना नियम पाळला की नाही, हे मात्र पूर्णपणे आपले असते. म्हणून पहिले काही महिने नफा-तोट्याची बेरीज मागे ठेवून महिन्याअखेर एवढेच मोजावे, की किती सौदे नियमात झाले.

यातून एक कठीण उत्तरही समोर येऊ शकते. नियम महिनोन्‌महिने पाळले जात आहेत, वही स्वच्छ आहे, तरी भांडवल घटतेच आहे. तेव्हा दोष मनाचा नसतो. आपल्या पद्धतीत बाजारावर मात करण्यासारखे काही नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिस्त वाईट पद्धतीला फायदेशीर बनवू शकत नाही. मात्र हे सत्य थोड्या पैशांत आणि शुद्धीत असताना कळावे, याची सोय ती करते. ते कळल्यावर खाते बंद करणारा माणूस हरलेला नसतो. त्याने तोट्यानंतरचा सौदा न करण्याचा निर्णय घेतलेला असतो, आणि तोही रागाच्या भरात नाही, तर हिशेब समोर ठेवून.